आराखडा आणि बांधकाम एकाच हाती द्या. छोट्या कामांनाही ही पद्धत हवी

गवंडी, सेंट्रिंगवाले, फरशीवाले, सुतार, प्लंबर, वायरमन, वेल्डर, रंगारी आणि या सर्वांना सिमेंट, सळई, टाइल्स, हार्डवेअर पुरवणारे दुकानदार, असा आमच्या वाचकांपैकी मोठा वर्ग बांधकामावर पोट भरतो. या वर्गाच्या दोन तक्रारी वर्षानुवर्षे आमच्या कानावर येत आहेत. पहिली, काम वाढले तरी वाढीव कामाचे पैसे मिळत नाहीत. दुसरी, चूक कागदावर झालेली असते आणि तोडफोड मात्र कारागिराच्या खर्चाने होते. दोन्हींवर एकच सल्ला दिला जातो की करार नीट लिहून घ्या. सल्ला बरोबर आहे, पण अपुरा आहे. आमच्या मते या दुखण्याचे मूळ काम देण्याच्या पद्धतीत आहे. आराखडा करणारा एक, बांधणारा दुसरा, आणि दोघांची गाठ पडते ती निविदा उघडल्यानंतर.

आराखडा आणि बांधकाम या दोन्हींची जबाबदारी एकाच पक्षावर टाकणारा ठेका असतो. त्याला 'डिझाइन-बिल्ड' म्हणतात. आपण त्याला सोयीसाठी एकहाती ठेका म्हणू. हा ठेका आपल्याकडे अधिक वापरला जावा, असे आम्ही सुचवतो. पूल आणि मेट्रो यांच्यासाठी तो वापरला जातोच. शाळा, दवाखाने, सभागृहे, दुकानांचे गाळे आणि कारखान्यांच्या शेड यांसाठीही तो वापरला पाहिजे. मात्र त्याबरोबर काही अटी घातल्या पाहिजेत. त्या नसतील तर याच पद्धतीत छोटा कारागीर आजच्यापेक्षा जास्त भरडला जाईल.

चालू पद्धतीत काय होते?

समजा, एका शिक्षण संस्थेला चार वर्गखोल्या आणि एक सभागृह बांधायचे आहे. संस्था आर्किटेक्ट नेमते. तो नकाशे काढतो, स्ट्रक्चरल इंजिनिअर सळईचा हिशेब देतो, अंदाजपत्रक होते, निविदा निघते. सर्वांत कमी दर भरणाऱ्याला काम मिळते. खोदाई सुरू झाल्यावर कळते की वरती काळी माती जास्त आहे आणि मुरूम अपेक्षेपेक्षा खोल आहे. पाया बदलावा लागतो. ठेकेदार म्हणतो, ही जादा बाब आहे. संस्था म्हणते, दर भरण्यापूर्वी तुम्ही जागा पाहिली होती. सुधारित नकाशा यायला तीन आठवडे जातात. तोवर सेंट्रिंगचे भाडे चालू राहते आणि मजूर दुसऱ्या कामावर निघून जातात.

पुढे स्लॅब पडल्यावर लक्षात येते की वायरिंगचे पाइप कुठून न्यायचे हे नकाशात दाखवलेलेच नव्हते. मग तयार काम फोडायचे. बीमची खोली वाढली म्हणून खिडकीची उंची कमी झाली, आणि ग्रिलवाल्याने तर माप जुन्या नकाशावरून घेतलेले. ग्रिल कापून पुन्हा जोडायच्या. हे नुकसान कोणी भरायचे? आर्किटेक्टचा करार संस्थेशी आहे. ठेकेदाराचा करारही संस्थेशी आहे. ग्रिलवाल्याचा करार, तोही बहुधा तोंडी, ठेकेदाराशी आहे. प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो आणि सर्वांत शेवटी उभा असलेला माणूस पदरचे पैसे घालतो.

वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. नकाशा मालकाने पुरवला असेल तर त्यातील चुकीची जोखीम ठेकेदाराच्या दृष्टीने मालकाची असते. मोठ्या ठेकेदाराकडे कचेरी असते, कागद सांभाळणारा माणूस असतो, वकील असतो. तो जादा बाबींची यादी करतो, दावा लावतो, लवादाकडे जातो. कमी दराने काम घ्यायचे आणि जादा बाबींतून नफा काढायचा, हे गणित या धंद्यात कोणाला अपरिचित नाही. छोट्या माणसाला हे गणित जमत नाही. त्याच्याकडे ना मोजमापाची नोंद असते, ना पत्रव्यवहार.

यात आणखी एक तोटा आहे आणि तो कोणाच्याच हिशेबात धरला जात नाही. सळयांची गर्दी कुठे होऊन काँक्रीट आत उतरणार नाही, पाण्याची लाइन कुठून नेली तर पुढे गळती काढायला सोपी जाईल, कुठला माल गावात आठवड्यात मिळतो आणि कुठल्याला दोन महिने थांबावे लागते, ही माहिती कारागिराकडे आणि दुकानदाराकडे असते. चालू पद्धतीत त्यांना विचारले जाते तेव्हा नकाशा मंजूर झालेला असतो. हुन्नर असून उपयोग होत नाही, कारण तो वापरायची वेळ निघून गेलेली असते.

आपल्याला ही पद्धत परकी नाही

एकहाती ठेका म्हणजे बाहेरून आलेली फॅशन आहे, असे कोणाला वाटेल. तसे नाही. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेतील बीबी का मकबऱ्याच्या मुख्य दरवाजावर अताउल्ला आणि हंसपत राय अशी दोन नावे कोरलेली आहेत. पहिला वास्तुकार, दुसरा अभियंता. जुन्या काळी उस्ताद हाच आराखडा करी आणि कामावरही तोच उभा राही. आराखडा कचेरीत आणि बांधकाम ठेकेदाराकडे, ही वाटणी आपल्याकडे घट्ट झाली ती इंग्रजी अमलात, १८५४ साली सार्वजनिक बांधकाम खाते स्थापन झाल्यानंतर.

त्या खात्यातही ही वाटणी सर्वत्र पाळली गेली असे नाही. महाराष्ट्रात टक्केवारी दराच्या कामासाठी 'बी-१', बाबवार दरासाठी 'बी-२' आणि एकमुस्त रकमेच्या कामासाठी 'सी' नमुना आहे, हे सरकारी कामे घेणाऱ्या बांधवांना ठाऊक आहे. मोठ्या पुलांची कामे एकमुस्त रकमेवर आणि ठेकेदाराच्या स्वतःच्या संकल्पचित्रावर देण्याची वहिवाट राज्यात जुनी आहे. म्हणजे पुलाला जे चालते ते शाळेला का चालू नये, एवढाच प्रश्न उरतो.

आपल्या बाजारपेठेत पाहिले तर ही पद्धत रोजची आहे. पत्र्याची शेड करणारा फॅब्रिकेटर जागेवर येतो, माप घेतो, किती फुटांवर खांब आणि कोणत्या जाडीची कैची हे स्वतः ठरवतो, एक रक्कम सांगतो आणि शेड उभी करून देतो. स्वयंपाकघरातील ओटा आणि ट्रॉल्या करणारा, दुकानाचे फर्निचर करणारा सुतार, रोलिंग शटरवाला, सगळे असेच काम करतात. तालुक्याच्या गावी बंगले 'मटेरियलसह, चौरस फुटाला अमुक' अशा दराने बांधून दिले जातात. आखातात फोरमन किंवा फिटर म्हणून काम करून आलेल्या कोकणातील बांधवांना 'टर्नकी' हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. उणीव आहे ती कागदाची. काय द्यायचे हे लिहिलेले नसते, हिशेब तपासणारा तटस्थ इंजिनिअर नसतो, पैशाचे टप्पे ठरलेले नसतात. त्यामुळे हीच माणसे सरकारी किंवा संस्थेच्या निविदेत अनुभव दाखवू शकत नाहीत.

मोठ्या कामांचा अनुभव

गेल्या काही वर्षांत देशातील मोठी कामे या पद्धतीकडे वळली आहेत. राष्ट्रीय महामार्गांच्या कामात २०१२ च्या सुमारास बाबवार दरांऐवजी 'ईपीसी' ठेका आला. त्यात तपशीलवार आराखडा, सामानाची खरेदी आणि बांधकाम हे तिन्ही एका रकमेत एकाच पक्षाकडे असते. मुंबईचा शिवडी ते न्हावा-शेवा सागरी पूल, २१.८ किलोमीटर लांबीचा अटल सेतू, याच धर्तीच्या ठेक्यांवर बांधला गेला. काम २०१८ मध्ये सुरू झाले आणि १२ जानेवारी २०२४ रोजी त्याचे उद्घाटन झाले. मुंबई मेट्रोची भुयारी मार्गिका ३ हीदेखील आराखडा-नि-बांधकाम ठेक्यांवर झाली.

मार्गिका ३ चा एक धडा सांगितला पाहिजे. ३३.५ किलोमीटरच्या या मार्गाचा पहिला टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये आणि पूर्ण मार्ग ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झाला. मधली अनेक वर्षे आरे येथील कारशेडच्या वादात गेली. जागा, परवानगी आणि कोर्ट यांचे प्रश्न कोणत्याही ठेक्याने सुटत नाहीत. एकहाती ठेका दिला की सर्व काही वेळेवर होईल, असा दावा करणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

तरीही वेळेच्या बाबतीत या पद्धतीचा फायदा खरा आहे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातील कोंचार आणि सॅन्व्हिडो यांनी १९९८ मध्ये ३५१ इमारतींचा अभ्यास प्रसिद्ध केला. आराखडा, मग निविदा, मग बांधकाम या क्रमाने झालेल्या कामांच्या तुलनेत एकहाती कामांचा दर क्षेत्रफळामागे सुमारे ६ टक्क्यांनी कमी आणि आराखड्यापासून ताबा मिळेपर्यंतचा एकूण वेग सुमारे ३३ टक्क्यांनी जास्त आढळला. अमेरिकेचे आकडे जसेच्या तसे परभणीला किंवा चिपळूणला लागू होणार नाहीत. पण कारण दोन्हीकडे सारखे आहे. वरच्या मजल्याच्या फिनिशिंगचे नकाशे चालू असताना पायाचे काम सुरू करता येते, उशिरा मिळणाऱ्या मालाची ऑर्डर आधी देता येते, आणि नकाशात अडचण आली तर ती त्याच टेबलावर सुटते.

तिथलेच दुसरे उदाहरण निवडीच्या पद्धतीबद्दल आहे. १ ऑगस्ट २००७ रोजी मिनिआपोलिस शहरात मिसिसिपी नदीवरचा वाहता पूल कोसळला आणि १३ माणसे गेली. नवा पूल एकहाती ठेक्याने द्यायचे ठरले. चार पक्षांनी प्रस्ताव दिले. काम ज्याला मिळाले त्याची किंमत चौघांत सर्वांत जास्त होती आणि त्याने मागितलेले दिवसही सर्वांत जास्त होते. पण गुणवत्ता, अनुभव, लोकांशी संपर्क यांचे गुण धरून त्याचा प्रस्ताव सरस ठरला. निवडीवर तक्रार झाली, प्रकरण न्यायालयात गेले, निवड कायम राहिली. पूल १८ सप्टेंबर २००८ रोजी, मुदतीच्या सुमारे तीन महिने आधी, खुला झाला. स्वस्त दर हाच एक निकष ठेवला असता तर हे काम त्या पक्षाला कधीच मिळाले नसते.

धोका कुठे आहे?

आता दुसरी बाजू. आराखडा करणारा इंजिनिअर ठेकेदाराच्या पगारावर असेल तर ठेकेदाराला नको असलेली सळई तो कागदावर तरी ठेवील का? ही शंका रास्त आहे. बिहारमध्ये गंगेवरील अगुवानी-सुलतानगंज पूल ईपीसी ठेक्यावर बांधला जात होता. त्याचे भाग एप्रिल २०२२, जून २०२३ आणि ऑगस्ट २०२४ असे तीनदा कोसळले. तपासणीत आराखड्यातील दोष पुढे आले. या ठेक्याचा एक गुण इथे दिसला. नकाशा चुकला की काम चुकले, हा वाद घालायला जागाच नव्हती आणि बांधणाऱ्यानेच स्वखर्चाने पुन्हा बांधून द्यावे ही भूमिका घेता आली. पण पूल पडल्यावर जबाबदारी ठरवण्यापेक्षा तो न पडणे महत्त्वाचे. त्यासाठी आराखडा तपासणारा माणूस ठेकेदाराचा नसावा.

दुसरा धोका आपल्या वाचकांचा आहे. एकहाती ठेका हा मोठा ठेका होण्याकडे झुकतो. दहा शाळांच्या दुरुस्तीची दहा कामे एकत्र बांधून एकच निविदा काढली, उलाढालीची अट कोटींत ठेवली, की गावातला ठेकेदार अर्जसुद्धा करू शकत नाही. मग बाहेरची मोठी कंपनी काम घेते आणि तेच काम गावातल्या माणसाला मजुरीच्या दराने पोटठेक्यावर देते. आराखडा तिचा, माल तिचा, नफा तिचा, आणि आपल्याला मिळाले तर बिल पास झाल्यावर पैसे. केंद्राच्या २०१२ च्या खरेदी धोरणात लघुउद्योगांसाठी २५ टक्के खरेदीची तरतूद आहे, पण ती वस्तू आणि सेवांना लागू होते. बांधकामाचे ठेके तिच्या बाहेर आहेत. त्या तरतुदीच्या भरवशावर राहता येणार नाही.

तिसरा धोका मालकाचा. चालू पद्धतीत मालकाला मधेच खिडकी हलवता येते, त्याचे पैसे मोजून द्यावे लागतात एवढेच. एकमुस्त ठेक्यात दर वेळी मन बदलणारा मालक सर्वांत महागात पडतो. ज्या विश्वस्त मंडळात काय बांधायचे यावरच एकमत नाही, त्यांनी या वाटेला जाऊ नये.

आम्ही सुचवतो त्या अटी

पहिली अट, गरजपत्रक मालकाने स्वतः, विचार करून लिहावे. किती मुले बसणार, किती वजन येणार, पाणी किती लागणार, पुढे मजला चढवायचा आहे का, फरशी आणि नळ कोणत्या प्रतीचे, इमारत किती वर्षांत रंगवावी लागली तर चालेल, हे सर्व त्यात यावे. नकाशा दुसऱ्याने काढला तरी गरज मालकानेच सांगायची असते. त्याबरोबर मातीची तपासणी मालकाने आपल्या खर्चाने आधी करून तिचा अहवाल सर्व इच्छुकांना द्यावा. जमिनीखाली त्याहून वेगळे निघाले तर वाढीव खर्च कोणी सोसायचा, तेही आधी लिहावे. जमिनीचा जुगार छोट्या ठेकेदाराच्या गळ्यात मारू नये.

दुसरी अट, निवड दोन पायऱ्यांनी व्हावी. आधी अनुभव आणि माणसे पाहून तीन ते पाच पक्ष निवडावेत. मग फक्त त्यांच्याकडून आराखडा आणि किंमत मागवावी. अमेरिकेच्या संघीय कामांसाठी १९९६ च्या कायद्याने हीच दोन पायऱ्यांची रीत घालून दिली. प्रस्ताव तयार करायला खर्च येतो. ज्यांना काम मिळणार नाही त्यांना त्या खर्चापोटी ठरावीक रक्कम द्यावी. नाहीतर छोटे पक्ष दुसऱ्यांदा येणार नाहीत. आपल्याकडेही केंद्रीय अर्थ मंत्रालयाच्या ऑक्टोबर २०२१ च्या सूचनांनी बांधकामांच्या निविदेत, ठरावीक अटींवर, गुणवत्तेला ३० टक्क्यांपर्यंत वजन देण्याची वाट मोकळी केली आहे. राज्य सरकारची खाती, नगरपालिका आणि जिल्हा परिषदा यांनी निवडक कामांवर तसा प्रयोग करावा.

तिसरी अट, आराखड्याची तटस्थ तपासणी. इमारतीच्या मजबुतीचा हिशेब मालकाने नेमलेल्या इंजिनिअरकडून किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयाकडून तपासून घ्यावा. त्याची फी मालकाने द्यावी आणि त्याची सही झाल्याखेरीज पायात काँक्रीट पडू नये. मोठ्या पुलांच्या बाबतीत हे होते. शाळेच्या छताखाली मुले बसतात, तिथे ते आणखी काटेकोरपणे व्हावे.

चौथी अट, पैशाची. मोजमापाऐवजी टप्प्यांवर पैसे द्यावेत: पाया, जोते, स्लॅब, प्लास्टर, ताबा. प्रत्येक टप्प्याचे पैसे किती दिवसांत मिळणार हे लिहावे, आणि मुख्य ठेकेदाराने पोटठेकेदाराला किती दिवसांत द्यायचे तेही त्याच करारात लिहावे. 'मला मिळाले की तुला देतो' ही अट ब्रिटनने १९९६ च्या बांधकाम कायद्याने बाद केली. पैशाचा वाद झाला तर साधारण २८ दिवसांत तात्पुरता निवाडा देणारी व्यवस्थाही त्याच कायद्याने घातली. आपल्याकडे पोटठेकेदारांसाठी असा वेगळा कायदा नाही. २००६ च्या लघुउद्योग कायद्यात जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे देण्याचे बंधन आणि उशिरावर बँक दराच्या तिप्पट व्याज आहे. परंतु माल आणि मजुरी मिळून दिलेला बांधकामाचा ठेका त्यात बसत नाही, असे निर्णय मुंबई उच्च न्यायालयात झालेले आहेत. म्हणून कायद्यावर विसंबून न राहता मुदत करारातच घालून घ्यावी. वर सांगितलेल्या २०२१ च्या केंद्रीय सूचनांत चालू बिलाची किमान ७५ टक्के रक्कम दहा कामकाजाच्या दिवसांत आणि उरलेली तपासणी करून २८ कामकाजाच्या दिवसांत द्यावी, असे म्हटले आहे. खासगी संस्थांनीही हाच नमुना समोर ठेवावा.

पाचवी अट, कामे विनाकारण एकत्र बांधू नयेत. एका शाळेचे काम एक निविदा. उलाढालीची अट कामाच्या आकाराला शोभेल एवढीच असावी, आणि चार छोट्या धंद्यांनी मिळून भरलेली निविदा चालेल असे स्पष्ट म्हणावे.

आपल्या बाजूने तयारी काय?

मागण्या करणे सोपे आहे. उद्या या अटींवर निविदा निघाली तर आपल्यापैकी किती जण ती भरू शकतील, हा प्रश्न आपण स्वतःला विचारला पाहिजे. एकट्या गवंड्याला ती भरता येणार नाही, एकट्या वायरमनलाही नाही. पण एक आर्किटेक्ट, एक स्ट्रक्चरल इंजिनिअर, एक अनुभवी बांधकाम ठेकेदार, एक प्लंबर, एक वायरमन आणि एक फॅब्रिकेटर एकत्र आले तर छोट्या शाळेचे काम पेलण्याइतकी ताकद नक्की होते. आपल्याच मोहल्ल्यांतून आता इंजिनिअर आणि आर्किटेक्ट झालेली मुले-मुली निघत आहेत. ती मोठ्या शहरात नोकरी शोधतात आणि त्यांचे वडील-काका गावात मजुरीच्या दराने पोटठेके घेतात. दोघांना एका फर्ममध्ये आणणे हा खरा कारोबार आहे. त्यासाठी भागीदारीचा लेख रीतसर करावा. एकाच्या चुकीने दुसऱ्याचे घर जाऊ नये असे वाटत असेल तर २००८ च्या कायद्याखालील मर्यादित जबाबदारीची भागीदारी, म्हणजे एलएलपी, करता येते. नफ्याची वाटणी आणि तोट्याची वाटणी दोन्ही आधी लिहावीत.

केलेल्या कामांची नोंद ठेवावी. काम सुरू होण्यापूर्वीचे, मधले आणि पूर्ण झाल्यावरचे फोटो, मालकाचे पूर्णत्वाचे पत्र, बिले, मालाची टेस्ट सर्टिफिकेटे एका फायलीत असावीत. गुणवत्तेला गुण मिळतील तेव्हा गुण देणारा ही फाइलच पाहणार आहे. उद्यम नोंदणी आणि जीएसटीचे कागद व्यवस्थित असावेत. एकमुस्त किमतीत कर धरायचा राहिला तर सगळा नफा त्यातच जातो.

एक खबरदारी नावाबाबत. १९७२ च्या कायद्याने 'आर्किटेक्ट' ही पदवी नोंदणी झालेल्या माणसालाच लावता येते. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले की कायद्याचे बंधन या पदवीच्या वापरावर आहे. तेव्हा पाटीवर चुकीचा शब्द लिहू नये. नकाशे मंजूर करून घेताना परवानाधारक माणसाची सही लागतेच, ती उसनी घेऊ नये. सही करणाराच आपला भागीदार असावा. आराखड्याची जबाबदारी घेतल्यावर आराखड्यातील चुकीचीही जबाबदारी येते. व्यावसायिक जबाबदारीचा विमा मिळतो, त्याचा हप्ता किमतीत धरावा.

दुकानदारांनीही बाजूला उभे राहून पाहू नये. आज तुम्हाला कोटेशन मागितले जाते ते नकाशावर ब्रँड ठरल्यानंतर, आणि घासाघीस फक्त भावावर होते. एकहाती कामात माल कोणता वापरायचा हे ठरत असतानाच तुम्ही टेबलावर बसू शकता. त्यासाठी भाव किती दिवस कायम राहील, माल किती दिवसांत येईल, बिघडला तर कोण बदलून देईल, हे लेखी देण्याची सवय हवी. ज्या दुकानदाराचा शब्द कागदावर उतरतो त्याच्यावर विसंबून एकमुस्त किंमत सांगता येते.

सुरुवात आपल्या संस्थांपासून

सरकार धोरण बदलेल तेव्हा बदलेल. आपल्या शाळा, वसतिगृहे, दवाखाने, बाजारातील गाळे यांच्या विश्वस्त मंडळांवर आपलेच व्यापारी बसलेले असतात. दर वर्षी त्यांच्याकडे काही ना काही बांधकाम निघते. त्यांच्यापुढे आमची सूचना अशी आहे की येत्या वर्षातील एक मध्यम काम, स्वच्छतागृहांची रांग असो, दोन वर्गखोल्या असोत किंवा कार्यशाळेची शेड असो, वरील पाच अटींवर एकहाती द्यावे. गरजपत्रक, तटस्थ तपासणीची फी आणि पैशाचे टप्पे सुरुवातीलाच जाहीर करावेत. काम संपल्यावर किती दिवस लागले, ठरल्यापेक्षा किती जास्त खर्च झाला, किती तोडफोड झाली आणि पोटठेकेदारांना पैसे केव्हा मिळाले, हा हिशेब सूचना फलकावर लावावा. मागच्या अशाच कामाचा हिशेब त्याच्या शेजारी लावावा. दोन्ही कागद वाचून पुढचे काम कसे द्यायचे ते विश्वस्तांनी ठरवावे, आणि अशा कामांसाठी आपली फर्म आतापासून उभी करायची की नाही ते कारागिरांनी ठरवावे.